भर दुपारच्या गोष्टी

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली ती एकदम नाही, कडेकडेने गेली. आधी ताटाच्या कडेची चटणी दिसेनाशी झाली, मग बाजूने येणारी सायकल. शेवटी समोर धरलेल्या तळहाताएवढा उजेड तेवढा उरला होता, एका पावसाळ्यात तोही गेला. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी तेव्हा कॉलेजात होते. नाशिकच्या गंगापूर रोडवरून आत वळलं की आमची तीन मजली सोसायटी होती आणि मागच्या गॅलरीतून द्राक्षाचे मांडव दिसायचे.

नोकरी सुटल्यावर वडील त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. रेडिओ लावला तर "बंद कर" म्हणायचे. आई पेपर वाचून दाखवायला बसली तर म्हणायचे, "राहू दे, तुला कामं असतील." चिडणं नाही, आदळआपट नाही. कोणीतरी आणून ठेवल्यासारखे ते तिथे असायचे, आणि तेच आम्हाला जड जायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर काका राहायचे. नात्यातले नव्हेत, पण पहिल्यापासून काकाच. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी होती. "मालेगावमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे अर्ध्या शहराने त्यांच्या तोंडून ऐकलेलं असणार, पण चेहऱ्याने त्यांना कोणी ओळखत नसे. आवाज म्हणाल तर भारदस्त वगैरे नव्हता. जरा जाडसर, सरळ, कुठेही न चढणारा. गाडी लागली हे ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात रद्द झाली हेही सांगायचे.

सकाळची ड्यूटी असली की ते दुपारी मोकळे असत. असेच एकदा मे महिन्यात, जेवण उरकून, वडिलांकडे वर आले. वीज गेली होती. मी आतल्या खोलीत लादीवर आडवी पडून अभ्यास केल्याचं सोंग करत होते. गॅलरीतलं सगळं ऐकू येत होतं, म्हणजे ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. दोघं गप्प बसले होते. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "मास्तर, पेठच्या गाडीवरच्या कंडक्टरची एक गोष्ट आहे. सांगू?"

उत्तराची वाट न बघताच काकांनी सुरुवात केली.

दुपारची गाडी. सावळ घाटाच्या अलीकडे एक बाई हात करते. पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली. वर चढते आणि धरणात गेलेल्या एका गावाचं तिकीट मागते. कंडक्टरला वाटतं, जुन्या सवयीने म्हणत असेल. तो पुढच्या थांब्याचं तिकीट फाडतो. बाई म्हणते, "अन् पोराचं हाफ." पोर तर कुठे दिसत नाही. कंडक्टर गमत्या माणूस, तो हसत हसत हाफही फाडून देतो. बाई उतरून जाते. संध्याकाळी नाशिकला परत येताना कंडक्टर माणसं मोजतो, तर एक जास्त भरतं. पुन्हा मोजतो. पुन्हा एक जास्त. तिकिटं बरोबर, डोकी मात्र एक जास्त. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच...

"मग?" वडील म्हणाले.

मी उठून बसले. त्या गॅलरीतून आपण होऊन आलेला शब्द ऐकून कित्येक महिने झाले असतील.

काकांनी गोष्ट पुरी केली. शेवटी तो कंडक्टर मोजणंच सोडून देतो, पण मग घरी जेवायला बसल्यावर त्याची बायको पानं घेते आणि एक पान जास्त घेते. "का गं?" असं तो विचारतो, तर ती म्हणते, "मोजूनच घेतलीयत की." काकांनी हे सगळं फलाट क्रमांक सांगावा तसं सांगितलं. मी दारात जाऊन उभी राहिले. वडिलांचं उजवं बोट गुडघ्यावर हळूहळू फिरत होतं. घाटाचं वळण, बसची खिडकी, खोळ घेतलेली बाई. लुंगीवर बोटाने ते चित्र काढत होते.

"आज बऱ्याच दिवसांनी काहीतरी दिसलं," ते म्हणाले.

त्यानंतर काका नेमाने येऊ लागले. पहिल्या काही गोष्टी स्टँडवर ऐकलेल्या होत्या, पुढच्या त्यांनी स्वतः रचल्या. त्यांच्या गोष्टींत रात्र नसायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "रात्रीला काय, सगळेच घाबरतात. त्यात आपलं काय कौतुक? भर दुपारी, रस्त्यावर ऊन असताना माणूस घाबरला पाहिजे." आणि दुसरं कारण त्यांनी मला नंतर जिन्यात हळूच सांगितलं. "मास्तरांना अंधाराचं काय सांगायचं गं? त्यांना ऊन सांगावं."

वडील ऐकायचे आणि मास्तरकीही करायचे. "थांबा. ऊन कुठून येतंय? ती झाडाखाली उभी आहे म्हणालात, मग तिच्या अंगावर कवडसे पडले असतील. ते सांगा." काका दुसऱ्या दिवशी कवडसे घेऊन यायचे. एकदा सावलीवरून दोघांचा बराच वाद झाला. भुताला सावली नसते असं काकांनी म्हटलं होतं. वडील म्हणाले, "मे महिन्यात आपल्याकडे ऐन माध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा तुमचीही सावली दिसत नाही आणि माझीही. मग कोण कोण आहे ते ओळखायचं कसं?"

काकांनी आपल्या पायाशी पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही वाईट बोललात." आणि दोघंही हसले. मला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस दुपारी कॉलेजातून येताना आपल्या पायाशी बघायची सवय लागली होती. अजूनही मे महिन्यात नकळत नजर खाली जाते.

पुढे काकांची ड्यूटी बदलली आणि दुपारी येणं आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी तेवढं होऊ लागलं. मग मी आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून तो दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवायला लागले. काका गोष्ट सांगायचे, टेप फिरत राहायचा, आणि उरलेला आठवडा वडील ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचे. बटणं त्यांनी बोटांनी ओळखून ठेवली होती. कंडक्टरची गोष्टही त्यांनी काकांना पुन्हा सांगायला लावून भरून घेतली. अशा कॅसेटींनी बुटांचे दोन खोके भरले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका थंडीत वडील गेले. हृदयविकार, फार त्रास नाही. तेरावा झाल्यावर काका एकदा वर आले, गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. मी काही दिवसांनी त्यांना म्हटलं, "काका, आईला आणि मला सांगा ना एखादी." ते म्हणाले, "तुम्ही ऐकाल गं. पण मला सांगता येणार नाही." त्यानंतर बरीच वर्षं त्यांच्याकडून मी गोष्ट ऐकली नाही. स्टँडवर गेले की चौकशीच्या खिडकीवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा, तेवढंच.

मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागले. काका निवृत्त झाले. द्राक्षाचे मांडव जाऊन तिथे दुसऱ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. दोन हजार सात-आठच्या सुमारास एकदा माळा आवरताना बुटांचे खोके सापडले. कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली होती. पुसून पाहिल्या, तर बऱ्याचशा चालत होत्या. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक गोष्ट उतरवून घ्यायला मी बसले.

पहिली कॅसेट लावली. काकांचा आवाज आला, चिमण्या, लांबून कुकरची शिट्टी. मी कानाला हेडफोन लावून पडद्यावरची रेघ बघत होते. आवाज आला की ती रेघ फुगते, गप्प झालं की सपाट होते. काका एके ठिकाणी थांबले, रेघ सपाट झाली, आणि अगदी माझ्या कानाच्या पाळीशी वडील म्हणाले, "मग?"

मी हेडफोन काढून टाकला. खोलीत टळटळीत ऊन होतं. आई आत भांडी घासत होती. मला ते माहीत नव्हतं असं नाही, ते त्या वेळी बोलत होते हे मी पाहिलेलं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कशातही उरला असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या सगळ्या गोष्टींत ते होते. एक शब्द, कधी खोकला, कधी लुंगीवर बोट घासल्याची खसखस.

काकांना वर बोलावलं. त्यांनी एक अख्खी बाजू ऐकली. संपल्यावर म्हणाले, "तू हे सगळं साफ करणार म्हणालीस ना? खरखर वगैरे?"

"हो."

"त्यांचं काढू नकोस."

काढलं नाही. तेव्हा पॉडकास्ट हा शब्द आमच्या क्लासमध्ये नुकताच कानावर येऊ लागला होता. इंटरनेटवर आवाज चढवून ठेवायचा, ज्याला हवा त्याने उतरवून ऐकायचा. काकांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "पॉड म्हणजे शेंग ना? शेंगेत भरून पाठवतेस होय मला?" कोणी ऐकेल असं दोघांनाही वाटत नव्हतं. भारनियमनाच्या वेळा सांभाळून, अर्धी चढलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून चढवत, मी एकेक गोष्ट टाकत गेले.

ऐकणारे निघाले. आधी परदेशातले, ज्यांना मराठी कानावर पडत नव्हतं ते. मग इथले. मग कोणीतरी त्या फाईली मोबाईलच्या दुकानांत पोचवल्या. तेव्हा दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, त्या गाण्यांबरोबर काकांच्या गोष्टी जाऊ लागल्या. मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराने लिहिलं होतं की मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत बाहेर ओट्यावर बसून ऐकतो, पण उन्हात बसायची आता भीती वाटते. काकांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक प्रश्न असायचा. तो मध्येच 'मग' म्हणणारा कोण आहे?

आम्ही कोणालाच उत्तर दिलं नाही. त्यामुळे लोक आपसांत बोलू लागले. कोणी म्हणे तो मुद्दाम घातलेला आवाज आहे. कोणी म्हणे गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली की तो वेगळ्या जागी येतो. एका बाईने लिहिलं, गोष्ट संपवून मी स्वयंपाकघरात गेले, तिथेही मला ऐकू आला. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं. माझ्या वडिलांना आवाजानेसुद्धा चार लोक ओळखत नव्हते. आता कुठल्या कुठल्या गावांत माणसं त्यांना घाबरत होती.

या सगळ्याने काका पुन्हा सांगायला लागले. आमच्या आतल्या खोलीत गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, पंखा बंद करायचा, खिडकीला चादर लावायची, आणि घामाने निथळत रेकॉर्डिंग करायचं. पण मायक्रोफोनला गोष्ट सांगणं त्यांना जमेना. "समोर माणूस पाहिजे गं." म्हणून मी समोर बसू लागले. ते माझ्याकडे बघत, खरं तर माझ्या जरा उजवीकडे बघत, आणि बोलत. ठरावीक जागी थांबत. दोन श्वास जातील इतकं थांबत, मग पुढे जात. नंतर पडद्यावर बघताना त्या जागा मला सपाट रेघेच्या दिसत. दुसऱ्या कोणी त्या कापल्या असत्या. मी तशाच ठेवल्या.

एकदा माझ्या तोंडून गेलं. गोष्टच अशी रंगली होती की त्यांच्या थांबण्यात मी "मग?" म्हणून बसले. काकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आज एवढंच करू." ते रेकॉर्डिंग आम्ही वापरलं नाही, त्याबद्दल पुन्हा बोललोही नाही.

लोकांना सगळ्यांत आवडलेली त्यांची गोष्ट जिन्याची. एकटा राहणारा एक निवृत्त माणूस असतो, आमच्यासारख्याच सोसायटीत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. रोज दुपारी जिन्यात पावलं वाजतात. कोणीतरी तळमजल्याच्या दाराशी थांबतं, पायपुसण्याला पाय पुसतं, आणि बस्स. दार वाजत नाही. काही दिवसांनी तो आवाज पहिल्या मजल्यावर येतो. मग दुसऱ्या. त्या माणसाने शेजाऱ्यांना विचारलं तर कोणी काही ऐकलेलं नसतं. काकांनी पाय पुसण्याचा आवाज तोंडाने न काढता फक्त शब्दांत सांगितला होता. "पुसले. उजवा आधी, मग डावा." ती गोष्ट आम्ही भागाभागाने टाकत होतो. पावलं त्या माणसाच्या दाराशी आली, पायपुसण्यावर थांबली, इथपर्यंतचे भाग गेले आणि काकांचा आवाज बसला.

आधी सर्दी म्हणून काढे झाले. मग आवाज चिरका झाला, मधूनच जाऊ लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला, स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. ऑपरेशनच्या आधी काका एकदा वर आले, गाद्या लावायला सांगितल्या. शेवटचा भाग करून टाकू म्हणाले. एक वाक्य बोलले, ऐकलं, आणि स्वतःच बटण बंद केलं. "हा माझा नाही," ते म्हणाले. "हा आवाज लोकांना नको द्यायला."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर काका गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायचे, त्यावर मऊ रुमाल बांधलेला असायचा. कुजबुजताही येत नव्हतं. मी त्यांना मुलांची मॅजिक स्लेट आणून दिली होती. तिच्यावर काडीने लिहायचं आणि वरचा कागद उचलला की अक्षरं जायची. ते भराभर लिहायचे, समोरच्याने वाचलं की नाही याची वाट न बघता कागद उचलायचे.

एकदा तपासणीहून परत येताना मी त्यांच्याबरोबर होते. काकूंचे पाय दुखत होते म्हणून त्या घरी थांबल्या होत्या. आम्ही रिक्षा केली. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखा वाहनांचा गुंता झाला होता. रिक्षा थांबली, इंजिन बंद झालं, आणि ड्रायव्हरच्या मागे लावलेल्या स्पीकरमधून काकांचा आवाज आला. कंडक्टरची गोष्ट होती. पोराचं हाफ तिकीट.

मी काकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

ड्रायव्हर मान मागे वळवून म्हणाला, "आवाज कमी करू का ताई? पेशंट आहेत बरोबर."

"नको, असू दे," मी म्हटलं.

"ऐका काका, ऐका. लय भारी सांगतो हा माणूस. मी रोज लावतो. पॅसेंजर उतरायचं विसरतात."

गोष्ट पुढे चालली. माणसं मोजली तर एक जास्त. स्पीकरमधून वडील म्हणाले, "मग?" ड्रायव्हरने हाताच्या केसांवरून हात फिरवला. "हे. हे बघा. इथं काटा येतो." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "वारला म्हणतात हा माणूस. म्हणूनच जास्त भीती वाटते. मेलेलं माणूस बोलतंय अन् आपण ऐकतोय."

मी काही बोलायच्या आत काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. पाहिलं तर हसत होते. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि आवाज अजिबात नाही. रुमालाआडून नुसती हवा फसफसत होती. त्यांनी स्लेट काढून लिहिलं, 'सांगू नकोस.' मग तो कागद उचलून पुन्हा लिहिलं, 'याला खरं कळलं तर मजा जाईल.'

घरी पोचेपर्यंत ते ऐकत होते. उतरताना ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "तब्येत सांभाळा काका." त्यांनी मान हलवली. जिना चढताना मात्र पहिल्या वळणावर थांबून कठडा धरून बराच वेळ उभे राहिले.

जिन्याच्या गोष्टीचं पुढे काय झालं, हे लोक विचारत होतेच. एक दिवस काकांनी स्लेटवर लिहिलं, 'तू सांग.'

मी नाही म्हटलं. माझा आवाज कोणाला हवाय, लोक चिडतील, असं सगळं म्हटलं. त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा लिहिले. मग मी म्हटलं, "मला शेवट कुठे माहीत आहे?"

तो त्यांनी मला तिथेच, एकेक ओळ लिहून आणि पुसून सांगितला. पावलं दाराशी थांबली आहेत. पाय पुसून झालेत. दार वाजत नाही. तो माणूस आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभा आहे. त्याला आठवतं की या दाराशी पाय पुसायला कोणी येऊन किती वर्षं झाली. तो दार उघडतो. बाहेर ऊन आहे आणि रिकामा जिना. तो बाजूला सरतो आणि म्हणतो, 'या.'

"मग?" मी विचारलं.

काकांनी लिहिलं, 'संपली.'

रेकॉर्डिंगला ते माझ्यासमोर बसले, जिथे मी बसायचे तिथे. मी आवाजात थरथर आणायला लागले की टेबलावर टिचकी मारायचे आणि स्लेट दाखवायचे. 'घाबरवू नकोस. सांग.' मी सपाट बोलायला लागले तर पुन्हा टिचकी. 'तुला दिसतंय का?' मला दिसत नव्हतं. तसं मी म्हटलं. मग त्यांनी मला उठवलं, बाहेरच्या दाराशी नेलं, कडीवर माझा हात ठेवला, आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मी आत उभी. भर दुपार, सोसायटीत कोणाची चाहूल नाही. पलीकडे काका आहेत हे मला माहीत होतं. तरी पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला, उजवा, मग डावा, तेव्हा मी कडी घट्ट धरली. दार उघडायला हात होईना. शेवटी उघडलं. ते बाहेर उभे होते, गळ्याला रुमाल, हातात स्लेट नाही, माझ्याकडे नुसते बघत.

"या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आत येऊन गाद्या लावलेल्या खोलीकडे बोट दाखवलं. तो 'या' मी तेव्हाच्या तेव्हा बोलून ठेवला, तोच गोष्टीत आहे.

तो भाग टाकल्यावर काहीजण चिडलेच. हा कोणाचा आवाज, आमचा माणूस कुठे आहे, असं लिहिलं. यंत्रमागवाल्याने मात्र लिहिलं, "ताई, भीती नाही वाटली. पण दार उघडून बाहेर बघून आलो."

काका त्यानंतर आणखी काही महिने होते. आजार परत उलटला होता. शेवटच्या दिवसांत स्लेटही बाजूला पडली होती. एका सकाळी गेले. स्टँडवरचे जुने लोक आले होते, सोसायटी होती, बस्स. पॉडकास्टवर मी दोन ओळी लिहिल्या. त्यावर कितीतरी दिवस निरोप येत होते. बऱ्याच जणांना ती बातमी जुनीच वाटली. 'ते तर कधीच गेले होते ना?' मी त्या सगळ्यांना उत्तरं दिली नाहीत.

महिना-दीड महिन्याने काकू वर आल्या. बसल्या, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे यांचं सगळं आहे ना?"

"आहे ना. सगळ्या गोष्टी सीडीवर घालून देऊ?"

"गोष्टी नकोत गं. त्या लोकांच्या. मधलं काही आहे का? हे नुसते बोललेले?"

मधलं होतं. रेकॉर्डिंगच्या मूळ फाईली मी पुसल्या नव्हत्या. गोष्ट सुरू होण्याआधीचं खाकरणं, पाणी पिणं, "पंखा लाव की जरा, जीव जाईल", "कितवं वाक्य चुकलं?", खुर्ची सरकवणं, जांभई. मी दोन रविवार बसून ते सगळं वेचून एकामागोमाग लावलं. सीडी घेऊन खाली गेले. काकू जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. मी सीडी लावली.

खाकरणं झालं, पाणी झालं. काकू खाली मान घालून ऐकत होत्या. मग काका मला म्हणाले, "आज जेवण नीट झालं नाही गं. दोडका होता. मला लहानपणापासून दोडका घशाखाली उतरत नाही. हिला मात्र सांगवत नाही, फार मनापासून करते."

मी हे ऐकूनच सीडीत घातलं होतं, पण काकूंसमोर ऐकताना माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. काकूंचा हात थांबला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "अख्खा जन्म खाल्ला यांनी. वर आणखी वाढ म्हणायचे." त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि तशाच बसून राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पुन्हा लाव ते. दोडक्याचं."

मी पुन्हा लावलं. त्यांना बटणं दाखवून दिली आणि वर आले. पुढे बरेच दिवस, दुपारी सगळीकडे सामसूम झाली की, खालच्या घरातून एका माणसाचा खाकरण्याचा आणि पाणी पिण्याचा आवाज यायचा. जिन्यातून जाणारे नवे भाडेकरू दाराशी क्षणभर थांबायचे, आणि पावलं भरभर उचलत वर जायचे.